तेवीस तारखेची मोहीम

करुणा सभागृह, शहर इंदूर, येथील समितीचे अध्यक्षसाहेब यांचे हुजुरी विज्ञापना ऐसीजे. साहेबी आज्ञा केली की, सभागृहाच्या वेबसाइटीवर नोव्हेंबर महिन्यात तारखांचा जो दंगा जाहला, एक लग्न आधी मागे पळाले, मग पुढे धावले, आणि समितीची अब्रू चव्हाट्यावर आली, त्याचे वर्तमान साद्यंत लिहून दप्तरी दाखल करावे, कोणाचा मुलाहिजा धरू नये, आणि दोन पानांत आटपावे. त्यास आज्ञेबरहुकूम लिहिले आहे. दोन पानांचे तेवढे साधले नाही.

पूर्वी सभागृहाचा कारभार लाल बांधणीच्या एका रजिस्टरावर चाले. रजिस्टराचे किल्लेदार हवालदार दगडूजी, महू छावणीतून क्लार्क म्हणून निवृत्त, उमर एकाहत्तर, मिशी पलटणीची, चष्मा मुलाने आणून दिलेला. त्यांचा शिरस्ता असा की, रोज सकाळी ठीक नऊ वाजता गादीवर बसावे, रजिस्टर उघडावे, ज्या ज्या पानावर कोणाचे कार्य नोंदले असेल ते ते पान नजरेखालून घालावे आणि खाली आपली सही ठोकावी. रविवार नाही, दिवाळी नाही. ज्या पानावर सही नाही ते पान कोणी पाहिलेच नाही, असे त्यांना छावणीत शिकविले होते, आणि छावणीत शिकविलेले विसरण्याची त्यांच्या घराण्यात चाल नाही.

ऐसे चालले असता समितीच्या मनात आधुनिक होण्याची हवा शिरली. दोन पार्ट्यांनी एकाच पानावर पेन्सिलीने नावे लिहून हॉलच्या दारात एकमेकांच्या आत्यांचा उद्धार केला होता, तो प्रसंग ताजा होता. तेव्हा समितीच्या सभासद पंचशीलाबाई, डाकखान्यात काउंटरच्या मालकीण, यांनी भर सभेत ठराव मांडला की, आता सभागृहाची वेबसाइट करावी, आणि साइटीवर ज्याचे नाव त्याचा हॉल, मग तो कोणीही असो, तोंडी रदबदली चालणार नाही. ठराव एकमताने मंजूर जाहला. पंचशीलाबाईंनी त्यावर सही केली ती फार ठसठशीत होती. ती सही पुढे त्यांनाच नडली, ते यथावकाश येईल.

वेबसाइट करण्याचा विडा बाईंची कन्या संबोधी हिने उचलिला. संबोधीबाई एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर, वय सत्तावीस, लग्न ठरलेले, वर नागपूरचा. तिने दोन रविवार खर्ची घालून साइट उभी केली, मोबदला घेतला नाही, आणि सोमवार, सत्तावीस ऑक्टोबर रोजी साइट खुली होताच पहिली नोंद आपल्याच लग्नाची केली: रविवार, तेवीस नोव्हेंबर. या घराण्यात मुहूर्त पाहण्याची चाल नाही. तारीख सुट्टीने ठरते. वऱ्हाडी नोकरदार, वधू नोकरदार, आई नोकरदार, आणि नागपूरकरांना सोमवारी हापिसात हजर होणे लाजीम, सबब रविवार. चारशे पत्रिका छापून झाल्या होत्या आणि नागपूरकरांनी रेल्वेची बासष्ट तिकिटे काढिली होती.

आता दंग्याचे मूळ सांगणे प्राप्त आहे. यंत्रांच्या मुलखात अशी चाल आहे की, जगातील समस्त घड्याळांनी विलायतेतील ग्रिनिच नामक ठाण्यास रुजू व्हावे. ग्रिनिचचे घड्याळ आपल्याहून साडेपाच तास मागे. संबोधीबाईंच्या कोडात तारखेचा प्रवास असा होता की, माणसाने तेवीस तारीख निवडली म्हणजे साइटीचे पान तिला तेवीस तारखेच्या शून्य वाजताची घटिका समजे, आणि खजिन्यात, म्हणजे डेटाबेसात, भरण्याआधी ग्रिनिचास पाठवी. इंदुरात तेवीस तारीख लागते त्या क्षणी ग्रिनिचात बावीस तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तेथील नाकेदाराने तास-मिनिटे हे फाजील ओझे म्हणून उतरवून घेतले आणि उरली ती बावीस तारीख खजिन्यात जमा केली. पावती मात्र पानाने खजिन्यास न विचारताच फाडली, आणि पावतीवर तेवीसच लिहिले. संबोधीबाईंनी पावती पाहिली, आईस दाखविली, नागपुरास फोटो धाडला, आणि निर्धास्त जाहल्या.

एका दिवसाची चूक एका दिवसावर राहती तर बखरीचे कारण पडले नसते. परंतु दगडूजींचा शिरस्ता आड आला. रजिस्टर गेले, संगणक आला, तरी नऊ वाजता गादीवर बसणे गेले नाही. साइट नवी, सबब तीवर अद्याप ही एकच नोंद होती; ती ते रोज सकाळी उघडीत, नाव पाहत, फोन नंबर पाहत, आणि सहीची जागा कोठे दिसेना म्हणून 'सेव्ह' असे लिहिलेले निळे बटण दाबीत. प्रत्येक सेव्हेसरशी तारीख पुन्हा ग्रिनिचाची यात्रा करी आणि एक दिवस गमावून परत येई. बावीसची एकवीस, एकवीसची वीस. दगडूजींनी नाव तपासले, नंबर तपासला, तारीख तपासली नाही, कारण लिहिलेली तारीख जागची हालते ही गोष्ट त्यांना कोणत्याही पलटणीत कोणी सांगितली नव्हती.

ऐसे बारा दिवस चालले. इकडे दिवस रोज एक पाऊल पुढे येत होता, तिकडे लग्न रोज एक पाऊल मागे येत होते, आणि दोन्ही फौजा एकमेकींवर चाल करून येत आहेत याची कोणास खबर नव्हती.

शनिवारी, आठ नोव्हेंबर रोजी, पंचशीलाबाई काउंटरवर एका गृहस्थाचे रजिस्टर्ड पाकीट तोलीत असता त्यांच्या फोनवर खलिता उतरला. साइट आपणहून असे खलिते धाडीत असे. मजकूर: आपले कार्य दोन दिवसांवर, सोमवार, दहा नोव्हेंबर रोजी येऊन ठेपले आहे, करुणा सभागृह आपणास शुभेच्छा देते. बाईंनी पाकीट काट्यावरच ठेविले, गृहस्थास थांबविले, आणि कन्येस फोन लाविला.

"अगं संबोधी, परवा लग्न आहे म्हणे तुझं! मला तर कोणी बताया नहीं!"

"कुणाचं, आई?"

"तुझं! तुझ्याच साइटने कळवलंय. अभी तो ब्लाउज पण टेलरकडे आहेत!"

काउंटरपलीकडून गृहस्थ म्हणाले, बधाई हो बहनजी, पण माझं पाकीट. त्यांचे पाकीट शेवटी गेले, परंतु तिकीट दोनदा लागले, ते प्रकरण डाकखात्याचे, येथे त्याचे काम नाही.

संबोधीबाईंनी खजिना उघडून पाहिला तो लग्न दहा तारखेवर उभे, आणि तेवीसचा रविवार साऱ्या शहराच्या डोळ्यांदेखत मोकळा. शनिवारची सुट्टी होती. तिने तत्काळ कंपनीतील थोर मुत्सद्दी सुशांतराव यांस मदतीस पाचारिले. सुशांतराव मूळचे सांगलीचे, इंदुरी येऊन चौदा महिने, पोह्यांवर शेव घालण्यास अद्याप राजी नाहीत, परंतु कोडाच्या मामल्यात त्यांचा शब्द म्हणजे सनद. त्यांनी फोनवर दहा मिनिटे ऐकले आणि फर्मान काढिले जे: एक दिवस कमी होतो आहे, तर एक दिवस मिळवावा, यात रडण्यासारखे काय आहे. "प्लस वन कर आणि जेवायला जा," हे त्यांचे खास शब्द.

संबोधीबाईंनी पानाच्या बाजूने एक दिवस मिळविला. इकडे सुशांतरावांना वाटले पोर घाबरली आहे, तिच्याने व्हायचे नाही, कोडाची किल्ली तिने त्यांस दिलीच होती, मग त्यांनी उदार अंतःकरणाने सर्व्हरच्या, म्हणजे खजिन्याच्या, बाजूने स्वतःच एक दिवस मिळविला. एकमेकांस इतल्ला कोणीच दिली नाही. ग्रिनिचाने एक नेला, दोघांनी मिळून दोन दिले. संबोधीबाईंनी लग्न पुन्हा तेवीसवर नोंदविले, पानाने पावती तेवीसचीच फाडली, आणि खजिन्यात चोवीस जमा जाहली. सुशांतरावांनी कंपनीच्या ग्रुपावर अंगठा पाठविला आणि मोहीम फत्ते म्हणून जाहीर केले.

त्याच दुपारी संबोधीबाई सभागृहात जाऊन दगडूजींस भेटल्या आणि अदबीने पुसत्या जाहल्या की, काका, तुम्ही नोंदीत काही बदल करता काय. दगडूजींच्या मिशा थरथरल्या. बत्तीस वर्षांच्या चाकरीत त्यांच्या रजिस्टरावर कोणी बोट ठेविले नव्हते. ते म्हणाले, "बेटा, मी काही बदलत नाही. मी चेक करतो. हर एंट्री, हर रोज." इतके बोलून त्यांनी तोंड फिरविले, आणि संबोधीबाई चहा न घेता परतल्या, हा त्या सभागृहातील पहिलाच प्रसंग.

परंतु हवालदार तो हवालदार. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी खिशात एक चिठी ठेविली आणि रोज सकाळी पंचशीलाबाईंच्या लेकीच्या लग्नाची तारीख पडद्यावर दिसेल तशी तीत उतरविली. रविवारी चोवीस. सोमवारी पंचवीस. मंगळवारी सव्वीस. मंगळवारी त्यांनी तिन्ही तारखा चिठीवर बोट ठेवून पुन्हा मोजल्या. नोंदीस हात लावणारा सभागृहात त्यांच्यावाचून दुसरा माणूस नव्हता, आणि सत्तावीस पावसाळे ज्या पोरीस पाहिले तिचे लग्न त्यांच्या डोळ्यांदेखत रोज एक दिवस लांब चालले होते. तरी त्यांनी त्या दिवशी बटण दाबले, कारण सहीवाचून पान उलटावे तरी कसे.

बुधवारी, बारा तारखेस, नऊ वाजता त्यांनी नोंद उघडली. सत्तावीस. चिठीत उतरविली. मग उजवा हात उचलून निळ्या बटणावर नेला, आणि तेथेच थांबविला, आणि परत आणून मांडीवर ठेविला. सेव्ह केले नाही. तपासलेले पान सहीवाचून मिटले, हे त्यांच्या हयातीत प्रथम घडले. दहा वाजता पुन्हा उघडून पाहिले: सत्तावीस. बारा वाजता: सत्तावीस. चार वाजता: सत्तावीस. गुरुवारी सकाळी: सत्तावीस. लढाया पुष्कळांनी मारल्या असतील, परंतु शिरस्त्याशी झुंज घेऊन हात आवरणारा विरळा, म्हणून ही नोंद ठळक अक्षरांत केली आहे.

मग दगडूजी गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून खासे संबोधीबाईंच्या कंपनीत गेले. काचेच्या दारावर पहाऱ्याने अडविले, कोणास भेटायचे म्हणून पुसले, त्यास म्हणाले, "रिपोर्ट द्यायचा आहे." संबोधीबाई धावत खाली आल्या. दगडूजींनी चिठी पुढे केली आणि उभ्यानेच वर्तमान निवेदिले.

"बेटा, तू बरोबर होतीस. मी बटण दाबतो तेव्हाच ही तारीख चालते. नाही दाबलं तर गप बसते. मीच तुझं लग्न ढकलत होतो."

संबोधीबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही तर सही केली. कागदच माझा खराब होता." आणि दोघे कँटीनीत चहा प्याले, शनिवारचा राहिलेला.

चिठी पाहताच रोग उलगडला. संबोधीबाईंनी कोड उघडला तो त्यात आपला एक दिवस आढळला आणि शेजारी सुशांतरावांचाही एक. सुशांतरावांस बोलाविले. त्यांनी दोन्ही दिवस पाहिले, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "मला वाटलं तू करणार नाहीस." मग त्यांनी नवी मसलत मांडिली की, प्रत्येक तारखेसोबत तिचा टाइमझोन, तिच्या टाइमझोनाचा इतिहास आणि एक स्वतंत्र लायब्ररी जोडावी, तीन आठवड्यांत होईल. लग्नास दहा दिवस होते. तेव्हा संबोधीबाईंनी, वयाने व हुद्द्याने लहान असता, हुकूम फर्माविला जो या मोहिमेचा कळस आहे. लग्नाची तारीख ही घटिका नव्हे. ती दिवस आहे. पत्रिकेवर छापतात तसा साल, महिना, दिवस, एवढाच मजकूर अक्षरी ठेवावा आणि त्यास ग्रिनिचास बिलकुल पाठवू नये. ग्रिनिचचे कोणी लग्नास येणार नाही. सुशांतरावांनी दोन्ही मिळविलेले दिवस कोडातून काढून टाकिले.

दुपारी एक वाजता नवा कोड साइटीवर चढला. दगडूजींनी सभागृहातून एक खोटी नोंद करून अकरा वेळा सेव्ह केले, तारीख तसूभर हालली नाही, मग ती नोंद पुसून फोनवर तसे कळविले, आणि कंपनीत टाळ्या जाहल्या. सुशांतराव म्हणाले, चला, कचोरी माझ्याकडून. सर्वांनी कूच केले. लग्न अद्याप सत्तावीसच्या गुरुवारवरच उभे होते. ते तेवीसवर आणणे एका मिनिटाचे काम, आल्यावर करू, असे ठरले.

या चाळीस मिनिटांत घात जाहला. सांवेर रोडवरील एका कारखान्याचे फोरमन रामभाऊ त्याच महिन्यात निवृत्त होत होते. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मोबाइल उघडला, करुणा सभागृहाची साइट पाहिली, तेवीसचा रविवार मोकळा पाहिला, आणि एक वाजून बावीस मिनिटांनी आपल्या निरोपसमारंभासाठी नोंदविला. नवी व्यवस्था अव्वल निघाली. तारीख जशीच्या तशी, तेवीसची तेवीस, खजिन्यात जमा जाहली आणि दगडाप्रमाणे बसली. दुरुस्त साइटीवरील पहिले निर्दोष यश ते हेच.

संबोधीबाई कचोरी खाऊन परतल्या, तेवीस तारीख निवडली, आणि त्यांच्याच हाताने लिहिलेली ताकीद त्यांच्यापुढे उभी राहिली: क्षमस्व, ही तारीख आरक्षित आहे.

पंचशीलाबाईंनी अध्यक्षसाहेबांस फोन केला. साहेबांस स्मरत असेल. साहेबी उत्तर दिले की, साइटीवर ज्याचे नाव त्याचा हॉल, तोंडी रदबदली नाही, ठरावावर सही आपलीच आहे, आणि सही फार ठसठशीत आहे. नागपुराहून व्याह्यांचा फोन आला की, तिकिटे पक्की आहेत ना, बाईंनी पक्की म्हणून सांगितले आणि फोन ठेवून पलंगावर बसल्या. चारशे पत्रिका वाटून झालेल्या, वऱ्हाड बासष्ट, आणि छप्पर नाही. दुसरे हॉल पाहिले तर त्या रविवारी इंदुरात कोठे भिंतीचीही जागा मिळेना, कारण नोकरदार सारेच आणि रविवार एकच.

शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता, पाळी सुटण्याच्या सुमारास, पंचशीलाबाई, संबोधीबाई आणि दगडूजी अशी त्रिवर्ग वकिली सांवेर रोडी कारखान्याच्या फाटकावर दाखल जाहली. बाईंनी सोबत पत्रिका घेतली होती. रामभाऊ डबा हालवीत बाहेर आले, वर्तमान ऐकिले, आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताई, चाळीस साल मशीनवर गेले. माझ्या नावाची एकच पार्टी निघाली जिंदगीत, वो भी कॅन्सल करू का?"

पंचशीलाबाईंनी पत्रिका पुढे केली. त्या स्वतः दोन वर्षांत निवृत्त होणार. त्या एवढेच म्हणाल्या, "नाही भाऊ. कॅन्सल नको करू. पण पोरीला कुठे उभी करू, ते तरी सांग."

तेव्हा दगडूजी पुढे जाहले आणि म्हणाले, "याच्यात पोरीचा दोष नाही, साहेब. बटण मी दाबत होतो." रामभाऊंनी त्यांच्याकडे पाहिले, मिशीकडे पाहिले, विचारले, "महूचे का?" हो म्हणताच रामभाऊंनी डबा खाली ठेविला आणि पत्रिका हाती घेऊन वाचू लागले. वाचता वाचता थांबले.

"लग्न किती वाजता आहे हे?"

"सकाळी साडेदहा," संबोधीबाई म्हणाल्या. "दोनपर्यंत जेवणं आटपतील."

"अरे, तर माझे लोक रविवारी ओव्हरटाइम करून येणार! सहाच्या आत कोण येतंय? भिया, ये बात पहले पूछते ना!"

 अठरा दिवस मोहीम चालली, तारीख दहापासून सत्तावीसपर्यंत सारा मुलूख फिरली, ग्रिनिचच्या वाऱ्या जाहल्या, दोन दिवस मिळविले आणि काढिले, परंतु कार्य किती वाजता आहे हे कोणी कोणास पुसले नव्हते. समितीच्या रजिस्टरात पुसण्याची जागा नव्हती, म्हणून साइटीवरही नव्हती.

मग तेथेच, पानाच्या टपरीशेजारी, तह जाहला. सकाळ वधूपक्षाची, संध्याकाळ रामभाऊंची, हॉल तीन वाजता मोकळा करून द्यावा. रामभाऊंनी एकच कलम घातले की, स्टेजावरची फुले उतरवू नयेत. "आमच्या कमिटीने फक्त बॅनर ठरवलाय," ते म्हणाले, "फुलं कोण आणतंय आमच्यासाठी." पंचशीलाबाईंनी कलम मान्य केले आणि पदरचे आणखी एक घातले की, झेंडूची एक मोठी माळ रामभाऊंच्या मापाची वेगळी करून ठेवावी.

अध्यक्षसाहेबांनी तहास मंजुरी दिली, अट ही की, साइटीवर दोन्ही नावे दिसली पाहिजेत. संबोधीबाईंवर साइटीत वेळ आणण्याचा प्रसंग गुदरला. सुशांतरावांनी लागलीच कळविले की, आता मात्र टाइमझोन टाळता येणार नाही. संबोधीबाईंनी तारखेपुढे दोन खाने पाडले, एकावर 'सकाळ' आणि दुसऱ्यावर 'संध्याकाळ' असे अक्षरी लिहिले, आणि संगणक मिटला. सुशांतरावांनी पुढे या प्रकरणावर 'तारखांनी मला काय शिकविले' असा लेख लिहून नोकरदारांच्या एका संकेतस्थळावर टाकिला, त्यास पाचशे अंगठे मिळाले, त्यात संबोधीबाईंचे नाव 'एक ज्युनियर सहकारी' असे आले आहे.

रविवारी नागपूरकर पहाटेच्या गाडीने बासष्टच्या बासष्ट उतरले. साडेदहाचे लग्न पावणेअकरास लागले, ती पंधरा मिनिटे वराच्या मामांच्या फोटोंमुळे गेली, त्यास यंत्र जबाबदार नाही. दोन वाजता शेवटची पंगत उठली. पावणेतीन वाजता वधू-वर स्टेजावरून उतरले, आणि दारात उभ्या असलेल्या रामभाऊंच्या गळ्यात संबोधीबाईंनी ती मोठी माळ स्वतः घातली, तेव्हा रामभाऊंनी टाचा जुळवून दगडूजींस सॅल्यूट ठोकला.

येणेप्रमाणे, उभय पक्षांची अब्रू राखून, मनुष्यहानी न होता, तेवीस तारखेचे लग्न तेवीस तारखेस जाहले. समितीने या पराक्रमाची नोंद ठराव करून दप्तरी घेतली आहे.